सिग्नल फाटतो, फुटतो का त्याची वाटणी होते?

मांजराकाठ: बीएस्सीच्या पोरांसाठी एनएमआरवर (रेणू चुंबकात ठेवून त्यातल्या हायड्रोजनचे, म्हणजे प्रोटॉनचे, सिग्नल वाचायची पद्धत) मराठीत चार पानं लिहायलोय. एक वाक्य तीन दिवसांपासून अडलंय: सॉफ्टवेअर सिग्नलचं स्प्लिटिंग (एका रेघेच्या अनेक रेघा होणं) बघून डबलेट, ट्रिप्लेट, क्वार्टेट (दोन, तीन, चार रेघा) आपोआप ओळखतं. आधी 'विभाजन आकृतिबंध' लिहिलं, पोरं म्हणली सर हे बंगालच्या फाळणीसारखं वाटायलंय. मग 'सिग्नल फाटतो' केलं तर घरातून आवाज आला, फाटतं ते दूध. तुमच्याकडं काय म्हणतात?

गोदाकाठ: फुटतो लिहा. उसाला फुटवे येतात तसे सिग्नलला फुटवे. स्फुट् धातू आहे, त्यात उमलणं बी आलं. फुटवे मोजा, एक वजा करा, शेजारी प्रोटॉन किती ते कळलं.

हिमरू: फुटतो म्हणलं की मला पक्षच आठवतो.

परिभाषाप्रेमी: द्विक, त्रिक, चतुष्क असे नेमके शब्द आहेत. स्प्लिटिंगला विपाटन. शास्त्रात फुटवे कशाला आणता?

हिमरू: विपाटन हिंदीवाल्यांचं आहे हो. आमचे आजोबा हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात शिकले, सगळं सायन्स उर्दूतून. तिथं 1917 पासून दार-उल-तर्जुमाच होतं, म्हणजे भाषांतराचं खातं, शब्द पाडायचा कारखाना म्हणा. आजोबा केमिस्ट्रीला शेवटपर्यंत कीमिया म्हणायचे. 1948 ला निजामी गेली, माध्यम बदललं, घरात कीमिया समजणारे आता मी एकटाच.

तूरडाळ: फुटव्यात एक घोळ आहे. फुटवे आले की ऊस वाढतो, इथं काहीच वाढत नाही. इथाइल ॲसिटेटचा सीएच-टू घ्या, आलेखावर 4.1 पीपीएमच्या जागी, शेजारी तीन प्रोटॉन म्हणून चार रेघा, उंची 1:3:3:1, पण इंटिग्रेशन केलं, म्हणजे रेघांखालचं क्षेत्र मोजलं, की दोनच प्रोटॉन भरतात, म्हणजे रान तेवढंच अन् हिस्से पडले, म्हणून वाटणी म्हणा. दोन रेघांमधलं अंतर, कपलिंग कॉन्स्टंट, तो बांध. इथं तो 7 हर्ट्झच्या आसपास येतो, अन् तिकडं 1.26 ला सीएच-थ्रीच्या तीन रेघा आहेत त्यांच्यातबी तोच 7. बांध सामाईक, ह्या रानातून मोजा का त्या. सॉफ्टवेअर बी तेच करतं, रेघांची अंतरं काढतं अन् कुणाचा बांध कुणाशी जुळतो ते बघून शेजारी ठरवतं. मशीन 300 मेगाहर्ट्झचं असो का 500 चं, हर्ट्झमध्ये मोजलेला बांध हलत नाही.

गोदाकाठ: बांध हलत नाही? कोणत्या गावात राहता?

परिभाषाप्रेमी: वाटणी समान असते. 1:3:3:1 ही कसली वाटणी?

तूरडाळ: तुमच्या भावकीत समान झाली का?

मांजराकाठ: अहो माझं वाक्य 'आपोआप'वालं होतं. 'स्वयंचलित बहुरेषा विश्लेषण' चालंल का?

परिभाषाप्रेमी: उत्तम.

हिमरू: पोरं पळून जातील.

तूरडाळ: 'आपोआप' जपून लिहा. आमच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअरनं एकदा चार रेघांना क्यू, म्हणजे क्वार्टेट, लावून दिला, मधल्या दोन उंच, कडेच्या बुटक्या, पोरानं तसंच रिपोर्टात टाकलं. मी अंतरं मोजली तर 12, 15, 12 हर्ट्झ. क्वार्टेट असता तर तिन्ही सारखी यायला पाहिजेत, अन् त्या रेणूत तीन प्रोटॉनवाला शेजारीच नव्हता. ते निघालं एबी, म्हणजे जवळजवळ आलेले दोन डबलेट, आतल्या बाजूनं एकमेकांकडं चढत गेलेले. रूफ इफेक्ट म्हणतात त्याला. मशीनला रेघा दिसल्या, घर दिसलं नाही.

गोदाकाठ: रूफ इफेक्टला मराठीत काय मग, छप्पर परिणाम?

हिमरू: आमच्याकडं माळवदं, वरून सपाट, उन्हाळ्यात वर झोपायचं. त्याला उतार कुठून आणायचा?

गोदाकाठ: दुपाखी म्हणा. दोन पाखी, मधी आढं. तुमचे दोन डबलेट नेमके तसेच दिसतात की.

परिभाषाप्रेमी: दुपाखी हा शब्द घराला लागतो, आलेखाला नाही.

तूरडाळ: सिग्नल तरी आधी रेल्वेलाच लागत होता ना.

मांजराकाठ: पानं उद्या द्यायचीत. वाक्यात 'स्प्लिटिंग'च ठेवलं, समासात 'वाटणी, फुटवे' असं पेन्सिलनं लिहिलंय. दुपाखी मात्र घेतलं.

गोदाकाठ: ते राहू द्या, दूध फाटतं कुठं? आमच्याकडं नासतं.

हिमरू: आमच्याकडं फाटतंच.