मदत हवी आहे : चार वर्षांच्या मुलीसह देवगिरी किल्ला
महाविद्यालयात असताना परभणीहून येऊन आम्ही देवगिरी अर्थात दौलताबादचा किल्ला थेट माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत (कमानींच्या महालापर्यंत) चढलो होतो. आता चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुन्हा जाण्याचा विचार आहे. चांदमिनार आणि तोफा ती आनंदाने पाहील, याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो खंदक ओलांडल्यावर लागणाऱ्या अंधारीचा, कारण कातळात कोरलेला तो वळणावळणाचा काळोखा चढ आणि त्यातील वटवाघळांचा दर्प मोठ्यांनाही नकोसा होतो. अलीकडे लहान मुलांसह गेलेल्यांनी कृपया सांगावे, की अंधारी टाळून वर जाण्याची सोय आहे का, की खंदकाच्या अलीकडे असलेल्या चिनी महालापासूनच परतावे? (तिला कडेवर घेऊन चढणे माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही.) सकाळी किल्ला आणि दुपारी वेरूळचे कैलास लेणे, असा बेत तिला एका दिवसात सोसवेल का, हेही कळवावे.