दवाखाना बिघडतो तो अंतरामुळे की गरिबीमुळे?

पायवाट
कागदावर सरकारने दुर्गम भागाला झुकतं माप दिलंय. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे. उपकेंद्र ५,००० ऐवजी ३,००० मागे. तरी नंदुरबारमधलं धडगाव म्हटलं की झोळीतून नेलेली बाळंतीणच आठवते. माझ्या मते दोष अंतराचा नाही, गरिबीचा. साताऱ्यातही आडगावं आहेत. तिथे डॉक्टर दोन दिवस दिसला नाही तर सरपंच झेडपी सदस्याला फोन लावतो. तसा फोन लावू शकणारं माणूस गावात असलं की दवाखाना चालतो.

दमलेला डॉक्टर
फोन लावून नदी उतरत नाही साहेब. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, मग सरपंच कुणाचाही असो. मी एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बॉन्डचं, एक वर्ष आदिवासी तालुक्यात काढलं (दहा लाख दंड भरून सुटायची ऐपत नव्हती, हेही सांगून टाकतो). एमओच्या, म्हणजे मेडिकल ऑफिसरच्या, दोन जागा, त्यातली एक रिकामी. वीज गेली की पहिली धावपळ आयएलआरमधल्या (लशींच्या खास फ्रिजमधल्या) लशींची. सिझर लागणार असं दिसलं की पुढे पाठवायचं, आणि 'पुढे' म्हणजे तीन तास. त्या तीन तासांत मी कितीही चांगला डॉक्टर असून काय उपयोग?

लोकलवाली
मग मुंबईतल्या गोवंडीचं काय? तिथे नदी आडवी येत नाही. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात गोवंडीचा एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. शहरात तर निकषच ५०,००० मागे एक केंद्र. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. पण ओपीडी सकाळची, आणि रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाचा खाडा. म्हणून त्या रात्री उघड्या असणाऱ्या 'डॉक्टर'कडून सुई टोचून घेतात. डिग्री कोणती, कोण विचारतंय!

पायवाट
हेच म्हणतोय. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय: जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराला जितकी मोकळीक तितकं हे अधिक. आणि अंतराचंच म्हणाल तर गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. रस्ते तेच होते.

दमलेला डॉक्टर
बंगांचं काम मान्यच. पण अडलेलं बाळंतपण घरी सुटत नाही. शिवाय प्रत्येक वेळी हे उदाहरण पुढे करून सगळं ओझं आशाताईंच्या पिशवीत टाकायचं आणि एमओची जागा रिकामीच ठेवायची, असं होतं. आणि तुमचे ट्यूडर हार्ट त्याच गावात राहिले, अख्ख्या गावाचं बीपी तपासलं. आमच्याकडे वर्ष संपायच्या आधीच माणूस बॅग भरतो. मीही भरली होती.

रानफूल
मी आशा आहे, थोडं लिहिते. आमच्या उपकेंद्राला रंग मारला, कायाकल्पवाले (दवाखान्यांच्या स्वच्छतेचा सरकारी पुरस्कार देणारे) बघून गेले, भिंतीवर तक्ते छान लागलेत. सिस्टरची क्वार्टर मात्र गळते, म्हणून ती तालुक्याहून येऊन-जाऊन करते. रात्री कळा सुरू झाल्या की मला उठवतात. हे तुम्ही अंतरात धरणार का गरिबीत?

दमलेला डॉक्टर
क्वार्टरमध्ये. माझीही गळायची.