२० डायॉप्टरच्या भिंगातून डोळ्याचा पडदा नजरेत धरून ठेवता येत नाही

प्रश्न : निवासी डॉक्टर, पहिले वर्ष, पुणे
डोक्यावर इनडायरेक्ट (डोळ्याच्या आतले पाहण्याचे दिव्याचे उपकरण) बांधून आणि हातात २० डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग घेऊन डोळ्याचा पडदा पाहण्याचा सराव मी तीन आठवडे करीत आहे. बाहुली पूर्ण मोठी झालेली असली, तरी भिंगात आधी लाल चंद्रकोर दिसते, क्षणभर डिस्क (दृष्टीची नस पडद्याला मिळते तो गोल भाग) दिसते आणि रक्तवाहिनीचा माग घेत मी कडेकडे सरकू लागलो की सगळे काळे होते. काल एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर, अख्खा सूर्य डोळ्यात ओतलात की हो!" डायरेक्टने, म्हणजे डोळ्याजवळ धरून पाहण्याच्या लहान उपकरणाने, मला डिस्क व्यवस्थित दिसते; मग येथे नेमके काय चुकते? शिवाय चित्र उलटे असल्याने पडद्याला पडलेले छिद्र वर आहे की खाली, याचाही गोंधळ होतो.

उत्तर : पडदातज्ज्ञ, कोथरूड
बहुधा तुमचे डोके एकीकडे आणि भिंग दुसरीकडे जात असावे. तुमचे डोळे, भिंगाचा मध्य आणि रुग्णाची बाहुली एका रेषेत राहिली पाहिजेत. कडेला जाताना ती रेषा बाहुलीभोवती फिरवायची असते, नुसते भिंग सरकवले की प्रकाश बुबुळावर पडतो आणि काळोख होतो. करंगळी रुग्णाच्या कपाळावर टेकवा, भिंगाची जास्त फुगीर बाजू स्वतःकडे ठेवा, आधी भिंगाशिवाय बाहुलीतली लाल चमक पाहा, मग भिंग डोळ्याजवळ आणून हळूहळू मागे घ्या. साधारण ५ सेंमीवर चित्र भिंगभर पसरते. ते चित्र भिंगाच्या अलीकडे, हवेत तयार होते, म्हणून पुढे वाकू नका, हात लांबच ठेवा. डायरेक्टमध्ये सुमारे १५ पट मोठे, पण अगदी लहान क्षेत्राचे चित्र मिळते. येथे मोठेपणा जेमतेम ३ पट असतो, मात्र सुमारे ४५ अंशांचा पडदा एका नजरेत येतो. आणि आजींचे म्हणणे रास्त आहे, दिवा कमी करा.

उलटेपणाबद्दल : रुग्णाला वर बघायला सांगितले की दिसतो तो वरचाच पडदा, फक्त त्यातला अधिक कडेचा भाग भिंगात खाली येतो. मनात उलटापालट करीत बसू नका. नोंदीचा कागदच उलटा ठेवा आणि दिसते तसे काढा. सरळ केला की नकाशा बरोबर येतो. सुटलेला पडदा निळा, चिकटलेला लाल, छिद्र लाल आणि त्याची कड निळी, ही रंगांची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

उत्तर : ऑप्टोमेट्रिस्ट, हडपसर
एक साधी गोष्ट राहिली. हेडसेटवर दोन डोळ्यांमधले अंतर जुळवले आहे का, हे आधी तपासा. एका डोळ्यानेच दिसत असेल तर चित्राची खोली कळत नाही. भिंगावर बोटांचे ठसे असतील, तर चमक वाढते. तरीही चमक आडवी आली, तर भिंग किंचित तिरके करा.

उत्तर : नेत्रतज्ज्ञ, भोर
बाहुली लहान राहिली असेल किंवा मूल असेल, तर मी २८ डायॉप्टरचे भिंग घेतो. चित्र आणखी लहान दिसते, पण क्षेत्र वाढते. शिकताना मात्र २०च बरे. घरी टेबलावर वर्तमानपत्र ठेवून, भिंग १५ सेंमीवर धरून, ओळींवरून सरकण्याचा सराव करा. अक्षरे उलटी दिसतात आणि हात डोळ्यांच्या विरुद्ध जायला शिकतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज दिवा कमी केला आणि करंगळी टेकवली. त्याच आजींच्या दुसऱ्या डोळ्याची वरची कड अखंड दिसली.