मदत हवी आहे: धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात जादा पैसे लावणं न्याय्य आहे, हे कोल्हापुरात कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या पेठेतल्या तालमीने गणपतीआधी परिसंवाद ठेवलाय. विषय आहे, 'जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून शहरात फिरायचे जादा पैसे घ्यावेत का?' चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या, माझ्या वाट्याला 'घ्यावेत' आली. समोर बोलणार आहेत आमच्याच गल्लीतले टेम्पोवाले मामा. मार्केट यार्डातून लक्ष्मीपुरीत माल टाकतात, बोलायला फर्डे आणि वर प्रश्न त्यांच्या पोटाचा. टाळ्या कुणाला पडणार हे मांडववाल्यालाही माहीत आहे. पण वाचत गेले तशी ही बाजू मला मनापासून पटायला लागली आहे. जिथं पटत नाही तिथं तुमची मदत हवी.

पटतं ते आधी सांगते. दसरा चौकात सिग्नलला उभं राहून बघा. काळा भपकारा जातो तो काच वर करून एसीत बसलेल्याच्या नाकात जात नाही. तो जातो रुमाल बांधून उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या, गजरेवालीच्या आणि बापाच्या मोपेडवर पुढं उभ्या राहिलेल्या पोराच्या नाकात. आज या धुराची किंमत हीच माणसं भरतात, फक्त पावती मिळत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला, त्यात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं कोल्हापूर आहे. त्यामुळे 'हे सगळं दिल्ली-मुंबईचं, आपल्याकडं कुठलं आलंय' हे मला मान्य नाही.

आता अडतं कुठं ते.

लंडनमध्ये 2019 पासून असं शुल्क आहे. आधी मधल्या भागात होतं, 2021 मध्ये वाढवलं, ऑगस्ट 2023 पासून सगळ्या लंडनभर. निकषात न बसणाऱ्या कारला किंवा व्हॅनला दिवसाला साडेबारा पौंड. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली: गाडीचं वय बघत नाहीत, इंजिन धुराच्या कुठल्या युरोपीय मानकाचं आहे ते बघतात. पेट्रोलला युरो 4 चालतं, डिझेलला युरो 6 लागतं. म्हणजे 2007 ची पेट्रोल गाडी फुकट फिरते आणि 2013 ची डिझेल पैसे भरते. आपल्याकडं उलटं आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी करताना पर्यावरण कर, मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर. मग ती गाडी महिन्यातून एकदा जोतिबाला जाते की दिवसभर बाजारात घुमते, कुणी विचारत नाही. माझ्या सासऱ्यांची स्कूटर रंकाळ्यापर्यंत जाते आणि परत येते, तिला कर आहेच.

पण साडेबारा पौंड म्हणजे बँकेतल्या साहेबाला आणि पहाटे सफाईला जाणाऱ्या बाईला सारखेच. हा मुद्दा मामा काढणारच. लंडनने जुनी कार मोडीत काढायला दोन हजार पौंडांपर्यंत मदत दिली, तरी बाहेरच्या उपनगरांत लोक रस्त्यावर उतरलेच. आपल्याकडं मामांना नवा टेम्पो घ्यायला कोण काय देणार?

आणि सगळ्यात मोठी अडचण, टोल. ज्या गावानं टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मागं उभं राहून 'देणार नाही' म्हणत टोल रद्द करायला लावला, त्या गावात मी माईक हातात घेऊन 'शहरात यायचे पैसे घ्या' म्हणणार! चप्पल फेकून नाही मारली तरी मिळवली.

तर मुद्दे सुचवा. भाषण दहा मिनिटांचं आहे. 'इलेक्ट्रिक घ्या' हे कृपया नको.

उद्यमनगरी:
ताई, मी गॅरेजवाला. कोल्हापुरात जाळ अन् धूर संगटच असतोय, त्यामुळं अवघड काम घेतलंयसा! एक सांगतो, ते ठासून मांडा. डिझेल गाडीची पीयूसी करताना गाडी रिकामी, जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये रेस करून धूर बघतात. तोच टेम्पो दीडपट माल भरून नदीकडनं वर चढतोय तेव्हा काय सोडतोय ते कुठल्याच कागदावर येत नाही. आणि निम्म्या वेळा दोष इंजिनाच्या वयाचा नसतोय. नोझल गेलेलं, एअर फिल्टर चोंदलेला, 'जरा पिकप येऊ दे' म्हणून पंप वाढवून घेतलेला. हे कमी खर्चात नीट होतंय. म्हणून आधी दुरुस्तीला मुदत द्या आणि मगच पैसे लावा. मामासुद्धा याला नाही म्हणणार नाहीत.

फुलेवाडीकर:
माझा ठाम विरोध, तरी तुमच्या सोयीसाठी लिहितो. पैसे घेऊन धूर सोडायची परवानगी देणं म्हणजे ज्याच्या खिशात आहे त्यानं गाव काळं करावं. वाईट असेल तर सरळ बंद करा, सगळ्यांना सारखं.

(धागाकर्ती)
@फुलेवाडीकर, 'सरळ बंद' दिल्लीत करून बघितलंय. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. बंदी सगळ्यांना सारखी असते हेही मला पटत नाही. दुसरी गाडी दारात असलेल्याला बंदीनं काय फरक पडतो? शुल्क असलं तर निदान एखाद्या दिवशी नड असलेला माणूस पैसे भरून गाडी काढू शकतो.

कायदेकानू:
दोन गोष्टी. एक, 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या कायद्याचा भाग मानलंय. मात्र तिथं कारखाने होते. टेम्पोवाल्याला तोच न्याय लावताना ऐपतीचा प्रश्न येतोच. दोन, मोटार वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय आहे, महापालिकेच्या नुसत्या ठरावानं भागणार नाही. श्रोत्यांतून कुणीतरी हे विचारेलच. जवळचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचंच घ्या: 2015 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं शहरात शिरणाऱ्या ट्रकांवर पर्यावरण भरपाई शुल्क लागलं, हलक्या मालगाडीला 700 आणि मोठ्या ट्रकला 1300 रुपये. तो पैसा बराच काळ नुसता पडून राहिला होता, हेही प्रामाणिकपणे सांगा.

बावड्याची सून:
टोलचं घाबरू नका गं. लोकांचा राग पैशापेक्षा 'आमचेच रस्ते, आमच्याच दारात नाका आणि पैसा जाणार दुसऱ्याच्या खिशात' याच्यावर होता. इथं पैसा शहरातल्या बसगाड्यांना मिळणार असेल, आणि कुठल्या मार्गावर किती फेऱ्या वाढल्या ते दर महिन्याला बोर्डावर लागणार असेल, तर वेगळं बोलता येईल. स्टॉकहोमच्या गर्दीच्या शुल्काचं वाच. 2006 मध्ये आधी काही महिने करून दाखवलं, मग सप्टेंबरात लोकांना मत विचारलं. सुरू व्हायच्या आधी विरोध होता, अनुभव घेतल्यावर शहरातल्या बहुमतानं होकार दिला.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार, विशेषतः गॅरेजवाल्या दादांचे. काल मामांना चहाला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. पीयूसीचं ऐकून हसले, म्हणाले, 'आमचं गुपित फोडलं की गं पोरी.' नोझलचं मात्र त्यांनी स्वतःहून कबूल केलं. त्यांचं म्हणणं एवढंच की दुरुस्तीला दोन दिवस गाडी उभी राहिली तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार. याला माझ्याकडं उत्तर नाही, म्हणून ते भाषणातच घेणार आहे: पहिल्या वर्षी फक्त तपासणी आणि दुरुस्ती, त्या दिवसांची थोडी भरपाई, त्यानंतर शुल्क. तेही वयावर नाही, धुरावर आणि शहरातल्या फेऱ्यांवर. दुचाकी सुरुवातीला बाहेर. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबद्दल मी मुद्दाम काही बोलणार नाही, निम्मं सभागृह उठून जाईल.

आता एकच राहिलंय. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या. सुट्टीच्या दिवशी बिंदू चौकापासून रांग लागते, पण त्यातल्या बऱ्याच नव्या बीएस 6, म्हणजे कमी धुराच्या, माझ्या निकषानं त्या फुकट. आणि त्यांच्यामागं अडकून धूर काढणारा आपला रिक्षावाला मात्र भरणार! लंडनमध्ये गर्दीचं शुल्क वेगळं आहे आणि धुराचं वेगळं. आपल्याकडं दोन्ही मांडले तर दहा मिनिटांत जमणार नाही, आणि गर्दीचं सोडलं तर मामा नेमकं तेच धरतील. दोन्हींतलं कुठलं धरू? गुरुवारी परिसंवाद आहे, बुधवारपर्यंत लिहा.