मदत हवी आहे: पाण्यातल्या कासवांना शेक मिळण्यासाठी दिवा कसा बसवावा? (पुणे)

भाची शिकायला परदेशी गेली आणि तिची दोन रेड-इअर्ड स्लायडर कासवं आमच्याकडे कोथरूडला आली. एक सात इंची, दुसरं जेमतेम चार. तीन फुटी टँक, फिल्टर, कोपऱ्यात पाण्याबाहेर येणारी फळी. फ्लॅट उत्तरेकडचा आणि समोर उंच इमारत, त्यामुळे थंडीत गॅलरीत उन्हाची तिरीपही येत नाही.

फळीवर ३२ ते ३५ अंश आणि पाणी २४ ते २७ हवं, असं वाचलंय. आमच्याकडे सकाळी फळी २१, पाणी २०. वर एलईडी आहे, त्याचा उजेड पडतो, ऊब नाही. मोठं कासव फळीवर चढतं, मागचे पाय ताणून बसतं आणि लगेच पाण्यात उतरतं. दोघांचं खाणं निम्म्यावर आलंय. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास किंवा पोहताना एका बाजूला कलणं यातलं काही दिसत नाही, तरी काळजी वाटते.

तपकीर गल्लीतून (इथला विजेच्या सामानाचा बाजार) हॅलोजन आणि सिरॅमिक होल्डर आणायचा विचार आहे. ५० वॉट घेऊ की ७५? किती उंचीवर? यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा वेगळा लागेल का? पाण्यावर दिवा टांगायची फार धास्ती वाटते, दिवसभर घरी आई एकटीच असते.

प्रतिसाद:
५० वॉटपासून सुरू करा, पण अरुंद झोताचा नको, फ्लड म्हणजे रुंद झोताचा घ्या. पूर्ण पाठ सारखी शेकली पाहिजे. साधारण ३० सेंमीवर टांगा, तासाभराने कासवाच्या पाठीच्या उंचीवर तापमान मोजा आणि साखळीची एकेक कडी वरखाली करा. नुसत्या क्लिपवर भरवसा ठेवू नका. तापलेल्या काचेवर पाणी उडालं तर बल्ब फुटतो, म्हणून जाळी हवीच. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरत नाही. आईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं: डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का पाहा, नसेल तर आधी तो बसवून घ्या.

यूव्हीबीची ट्यूब वेगळीच लागेल. तिच्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक नको, त्यातून यूव्हीबी जवळजवळ जात नाही. दोन्ही दिवे टायमरवर १० ते १२ तास, रात्री बंद. पाण्यासाठी गार्ड असलेला हीटर घ्या. ऊब मिळूनही आठवड्यात खाणं वाढलं नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबल्यावर लगेच पडला. रविवारी गच्चीवर ऊन दिलं तर चालेल का?

प्रतिसाद:
जरूर. काचेच्या टँकमध्ये मात्र नको, पाणी भराभर तापतं. पसरट टब घ्या, अर्ध्यावर सावली ठेवा, आणि घारी-कावळे असतात, त्यामुळे तिथून हलू नका.