सोल्यांचं हम्मस नि संत्र्याचं सार: थंडीतले प्रयोग करावेत की नको?

सोलेवांगे (धागाकर्ती)

नोव्हेंबरच्या शेवटापासून संक्रांतीपर्यंत नागपूरच्या कॉटन मार्केटात जे येतं ते पुन्हा वर्षभर दिसत नाही. तुरीच्या शेंगा (त्यांचे ओले दाणे म्हणजे आपले सोले), पोपटीच्या शेंगा, काटेरी देठाची लहान वांगी, जुड्याच्या जुड्या सांबार म्हणजे कोथिंबीर, हरभऱ्याची कोवळी भाजी, ओली हळद, भंडाऱ्याकडच्या तलावांतले शिंगाडे. संत्र्यांचं तर विचारूच नका. आणि आपण करतो काय? सोल्यांची आमटी, वांगे-सोले, भरीत, सांबारवडी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चांगलं लागतं, वादच नाही. पण स्वयंपाकघरात नवं काही करून बघायचं तर हेच दिवस. मे महिन्यात ४५ डिग्रीत ओट्याशी कोण उभं राहणार?

माझे या थंडीतले प्रयोग सांगते. सोल्यांचं हम्मस: सोले झाकण न ठेवता उकडायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, मग भाजलेले तीळ, लसूण, जिरं नि मूठभर सांबार घालून गुळगुळीत वाटायचं. वरून जवसाचं तेल. लिंबू अगदी ताटात वाढताना, नाहीतर तो पोपटी रंग जातो. दुसरी, वायगावच्या ओल्या हळदीची भाजी. आमच्या मारवाडी शेजारणीकडून शिकले: हळद किसून भरपूर तुपात खमंग परतायची, मटार नि दही घालायचं. पोळीपेक्षा ज्वारीच्या भाकरीसोबत बरी लागते. तिसरं, टोमॅटोच्या साराच्या धर्तीवर संत्र्याचं सार. हे कधी फक्कड होतं, कधी कडू, कारण कोणाला माहीत असेल तर सांगा.

माझी अट एकच. सामान इथलं नि या दिवसांतलं हवं. ब्रोकोली, ॲव्होकॅडो, पाकिटातले सॉस बारा महिने मिळतात, त्याला थंडीचे प्रयोग म्हणू नये. पटतं का?

महालच्या काकू

नाही पटत. किलोभर शेंगा सोलल्या की बोटं काळी होतात आणि दाणे निघतात तेवढेसे. ते वाटून मलम करायचं नि कशाला तरी लावून खायचं? सोल्याचा दाणा दाताखाली आला पाहिजे. आमटीत आपण थोडे सोले तेलावर परतून भरड वाटतो आणि थोडे अख्खे ठेवतो, ते उगाच नाही. भरड वाटणाने आमटीला अंग येतं, अख्ख्या दाण्याने चव कळते. हा प्रयोग आमच्या आज्यांनी केव्हाच करून ठेवला बाई. त्यात काय कमी पडलं ते आधी सांग, मग पुढचं.

तर्री_जास्त

बाप्पा, तुम्ही दोघी पण नियम लावून राहिल्या. एक म्हणते जुनंच करा, दुसरी म्हणते नवं करा पण माझ्या यादीतलं. काहून? मी हिंगण्याला रूमवर राहतो, एक शेगडी नि एक कढई. सावजी मसाला आणून त्यात मशरूम टाकले, दगडफुलाचा वास असा सुटला की वरच्या मजल्यावरचे पोट्टे ताट घेऊन आले. भरीत उरलं होतं, ते ब्रेडवर पसरून वर चीज किसलं नि तव्यावर भाजलं. भरताचा धूर नि चीजचा खारटपणा, सांगून समजणार नाही, करून पाहा. आता हे चीज इथलं नाही म्हणून तो प्रयोग नाही का?

पुण्याहून_आलेली

तर्रीभाऊंना माझं अनुमोदन. ‘इथलं’ म्हणजे कधीपासूनचं? मिरची पोर्तुगिजांसोबत आली, टोमॅटो-बटाटाही बाहेरचेच. आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा कोणी अट घातली असती तर सावजी रस्सा कशाचा केला असता?

सोलेवांगे

मिरचीचा दाखला स्वयंपाकाच्या प्रत्येक चर्चेत येतो, आता त्याला थोडी विश्रांती द्या. मिरची इथल्या मातीत रुजली, इथल्या बाईने ती वाळवली, कांडली, तेव्हा ती इथली झाली. ॲव्होकॅडो नागपुरात पेटीतून उतरतो नि पेटीतच सडतो. हो, स्ट्रॉबेरीला मी आडकाठी करणार नाही, ती आता चिखलदऱ्याला पिकते.

काकू, कमी काहीच पडलं नाही. आमटी आमच्याकडेही होतेच. पण माझी मुलगी आमटीतले अख्खे दाणे वेचून ताटाच्या कडेला लावते आणि हेच सोले वाटून दिले की बोटाने चाटते. तिच्या पोटात जातात ना?

महालच्या काकू

लाड आहेत ते. आमच्या वेळी कडेला लावलेलं दुसऱ्या दिवशी फोडणी घालून पुन्हा ताटात यायचं.

निवृत्त_मास्तर

साराबद्दल. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून बोलतो. संत्र्याच्या बियांत नि फोडींच्या पडद्यांत एक द्रव्य असतं, ते स्वतः कडू नसतं. मिक्सरमध्ये सगळं एकत्र फिरवलं की ते रसात उतरतं आणि रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते मात्र जहाल कडू. म्हणून रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि ठेवला की कडवट होतो. तापवला की हे आणखी झपाट्याने होतं. तुमचं सार ज्या दिवशी फक्कड झालं त्या दिवशी बहुधा रस हाताने पिळला असेल. फोडी सोला, बिया काढा, हलक्या हाताने दाबा, गाळा. साराला आधी उकळी येऊ द्या, फोडणी द्या, गॅस बंद करा नि मग रस घाला.

झाकणाचं तुमचं बरोबर आहे. झाकण ठेवलं की भाजीतली आम्लं वाफेसोबत बाहेर पडत नाहीत, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं नि सोले शेवाळी दिसतात. काही जण चिमूटभर सोडा घालतात. रंग टिकतो, पण दाण्याचा गिचका होतो.

संत्रा बासुंदी करणाऱ्यांनाही सांगतो: दूध आटवून फ्रिजमध्ये पूर्ण गार केल्याशिवाय फोडी घालू नका. गरम दुधात आंबट रस पडला की केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, गोळा होतं, मग बासुंदीऐवजी पनीर खा.

बाकी प्रयोग करावा की नाही यावर माझं मत विचाराल तर थंडीत इडली-डोशाच्या पिठाचे तरी करू नयेत. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर आला होता. त्या आठवड्यात आमच्याकडे दहीसुद्धा लागलं नाही.

काटोलकर

मास्तर, एक जोडतो. बाजारात आता जी संत्री आहेत ती आंबिया बहाराची, म्हणजे मागच्या थंडीच्या शेवटी फुललेली. मृगाची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेली फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील. एकाच झाडाची असली तरी दोन्हींची गोडी-आंबटाई सारखी नसते, त्यामुळे डिसेंबरची कृती मार्चमध्ये तशीच्या तशी चालेल असं धरू नका, चाखून गूळ घाला. आणि सालं फेकू नका. आतला पांढरा भाग खरवडून सावलीत वाळवा, पूड करा, संक्रांतीच्या तिळाच्या लाडवात चिमूटभर घाला. आमच्या घरी करतात. बागेतली बारीक फळं व्यापारी उचलत नाही, त्यांचा उपयोग शहरातल्या सुगरणींनी शोधला तर आम्हाला नको का? माझं मत सोलेवांगे ताईच्या बाजूने.

प्रतापनगर

सगळं वाचलं. लिमोनिन कळलं, मिरचीचा इतिहास कळला. शेंगा कोण सोलतं ते कोणी लिहिलं नाही, काकू सोडून. दिवसभर ऑफिस करून आलं की घरात विचारतात, आज काय नवीन? नवीन आवडलं नाही की पुन्हा विचारतात, मग वरण-भात आहे ना? म्हणजे प्रयोगाचा स्वयंपाक वेगळा नि पोट भरण्याचा वेगळा, दोन्ही एकीनेच करायचे. तर्रीभाऊ, तुमचे पोट्टे ताट घेऊन आले, छान झालं. भांडी कोणी घासली?

तर्री_जास्त

मीच घासली ना ताई. पाळी असते आमची.

सोलेवांगे

प्रतापनगर ताई, बरोबर बोलल्या. म्हणूनच माझा प्रयोग नेहमी वाटीभरच असतो. वरण-भात, पोळी, भाजी ठरलेली, कडेला हे एक नवं. फसलं तर कोणी उपाशी राहत नाही, मलाही वाईट वाटत नाही. आणि शेंगांची परात मी क्रिकेट लागलं की सरळ टीव्हीसमोर ठेवते. घरातले सगळे हात चालतात, नवऱ्याचे सुद्धा. एका डावात किलोभर शेंगा होतात.

महालच्या काकू

हे मात्र बरं सुचलं तुला. हम्मस मी करणार नाही ते नाहीच. ती ओल्या हळदीची भाजी नीट मापासकट टाक, गुडघे धरलेत माझे. आणि शिंगाड्याचं उपासाच्या पलीकडे काही करत असशील तर तेही.

सोलेवांगे

काकू, पाव किलो हळद असेल तर तूप वाटीभर लागतंच, हात आखडू नका. किसताना हातमोजे घाला. मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता, हाच वेळखाऊ भाग. मग मटार, आलं, मिरची, आणि गॅस बारीक करून फेटलेलं दही थोडं-थोडं. शिंगाडे उकडून, सोलून, तुकडे करून मी वांगे-सोल्याच्या रश्श्यात बटाट्याऐवजी घालते.

प्रतापनगर

टीव्हीसमोर ठेवलेली परात आमच्याकडे टीव्हीसमोरच राहते, मॅच संपली तरी. सीताबर्डीच्या बाजारात सोललेले सोले मिळतात, पैसे जास्त घेतात पण देते. पाव किलो आणते, आमटी करते, तीही काकूंच्याच पद्धतीने. हम्मस तुम्हाला लखलाभ.