सेंट लुसियाचे सुवर्ण आणि आपला 140 कोटींचा हिशेब

लाल माती : सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडने 3 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची शर्यत 10.72 सेकंदांत जिंकली, तेव्हापासून ‘पावणेदोन लाखांच्या बेटाला सुवर्ण आणि 140 कोटींना एकही नाही, लाज वाटली पाहिजे’ असे लिहिण्याची साथच आली आहे. काल या चर्चामंचावर पुन्हा तोच धागा निघाला, म्हणून सविस्तर लिहितो. जिंकलेले बेट तेवढे उचलायचे आणि तुवालू, किरिबाती, नाउरू, मालदीव या छोट्या बेटांच्या देशांना ऑलिंपिकमध्ये आजवर एकही पदक मिळालेले नाही हे सोडून द्यायचे, हा कसला हिशेब? लोकसंख्येने भागल्यावर ग्रेनाडाची दोन कांस्यपदके अमेरिकेच्या 126 पदकांच्या वर जाऊन बसतात. शिवाय एका शर्यतीत एका देशाला साधारणपणे तीनच धावपटू उतरवता येतात. लोकसंख्या 140 कोटी आहे म्हणून शंभर जणी उभ्या करता येत नाहीत.

मैदानकर : भागाकार बरोबर आहे, पण त्याच्या आड लपू नका. आल्फ्रेड लहानपणी शाळेच्या गणवेशात अनवाणी धावत असे, हे तिने स्वतः सांगितले आहे. 2009 मध्ये तिथले रुग्णालय जळाले आणि व्यू फोर्ट गावचे स्टेडियम कित्येक वर्षे रुग्णालय म्हणून वापरले गेले. तरीही तिथल्या मुलांना 1972 पासून चालत आलेली कॅरिफ्टा स्पर्धा आहे, जिच्यात कॅरिबियन बेटांवरची शाळकरी वयाची मुले दरवर्षी एकमेकांशी धावतात. मी बावीस वर्षे क्रीडाशिक्षक आहे. आमच्या शाळेचे मैदान लग्नसराईत भाड्याने जाते आणि मांडव उठल्यावर मी मुलींना घेऊन खिळे वेचतो. आमच्याकडे किती मुली धावून पाहतात, हे आधी मोजा.

उत्तरपक्ष : मुळात हे पदक बेटाचे आहे का? आल्फ्रेड चौदाव्या वर्षी जमैकाला गेली आणि पुढे टेक्सास विद्यापीठात घडली. त्याच दिवशी 15.02 मीटर तिहेरी उडी मारून डॉमिनिका या कॅरिबियन बेटाला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारी थिया लाफाँड लहानपणापासून अमेरिकेत वाढली. पैसा, प्रशिक्षक आणि धावपट्टी अमेरिकेची असताना फक्त झेंडा बेटाचा म्हणून त्यातून आपण काय शिकायचे?

मोका किनारा : मी मॉरिशसचा मराठी माणूस आहे आणि वरचा प्रतिसाद वाचून मला खरोखर राग आला. बेटावर जन्मलेल्याला शिकायला, कमवायला, खेळायला समुद्र ओलांडावाच लागतो. त्याने त्याचे बेट हिरावून घेता येत नाही. तुमची मुले अमेरिकेत शिकून नाव काढतात तेव्हा ‘आपला मराठी मुलगा’ म्हणून पेढे वाटताना तिथल्या प्रयोगशाळेचा खर्च कोणी विचारत नाही. ब्रुनो जुलीने 2008 मध्ये बीजिंगला मुष्टियुद्धात कांस्यपदक मिळवले, ते आमच्या देशाचे आजवरचे एकमेव ऑलिंपिक पदक आहे. त्या रात्री माझे वडील रडले होते. त्यांना दरडोई काही काढायचे नव्हते.

उत्तरपक्ष : आपल्या वडिलांचा अनादर करण्याचा हेतू नव्हता, तेवढे शब्द मागे घेतो. परंतु अमेरिकी महाविद्यालयांची शिष्यवृत्ती वजा केली, तर यातली किती पदके उरतील, या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही मिळालेले नाही.

मैदानकर : उत्तर कोल्हापुरात आहे. पॅरिसमध्येच नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे कांबळवाडीसारख्या खेड्यातला. त्यालाही घर सोडून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. म्हणून ते पदक कांबळवाडीचे नाही, असे तिथे जाऊन म्हणून दाखवा. घर सगळ्यांनाच सोडावे लागते. ते सोडण्याआधी त्या मुलीला धावताना कोणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि सेंट लुसियात तिला पाहिले गेले.

लाल माती : धागा माझा होता आणि तो कुठल्या कुठे गेला. दरडोई पदकांची तुलना चुकीची आहे, यावर मी ठाम आहे. मात्र ती खोडून काढण्याच्या भरात मी मैदानांविषयी एक अक्षरही लिहिले नाही, हे मैदानकरांचे म्हणणे नाइलाजाने मान्य करतो.

मैदानकर : मान्य केलेत, बरे झाले. या शनिवारीही आमच्या मैदानावर मांडव आहे. चौदा वर्षांखालील मुलींच्या रिलेचा सराव मी पहाटे साडेपाचला, वाहने सुरू होण्याआधी, शाळेमागच्या डांबरी रस्त्यावर घेणार आहे.